बसल्याशिवाय न हलणारा पाळणा

संखेड्यात कुणाकडे त्रिकम खराडीच्या हातची खुर्ची भेट आली, तर घरातलं माणूस आधी ती उलटी करून बघायचं. पाय हलवून बघायचं, कानाशी नेऊन ऐकायचं. मग जिच्याशी आपलं पटत नाही अशा एखाद्या नणंदेला आग्रहानं तिच्यावर बसवायचं. स्वतः बसायचं ते सगळ्यात शेवटी. एवढी दहशत आमच्या खराडीवाड्यात दुसऱ्या कुणाच्या लाकडाची नव्हती.

हात मात्र सोन्याचा. आमच्या खराड्यांच्या, म्हणजे लाकूड कातणाऱ्यांच्या, गल्लीत घरोघरी संघाडा. सकाळ झाली की त्याच्यावर सागाचा दांडा गरगर फिरायला लागतो, फिरत्या दांड्याला लाखेची कांडी दाबली की घासून तापलेल्या लाकडावर ती वितळून चढते, मागून केवड्याचं पान घासलं की लकाकी येते. हे सगळेच करतात. पण त्रिकमच्या संघाड्यावरून उतरलेल्या पायावरून वैरीसुद्धा एकदा हात फिरवायचे आणि मग शिवी द्यायचे.

शिवी द्यायचं कारण त्याचं डोकं. सोफा, पाळणा आणि हिंचका, म्हणजे घरातला झोपाळा, यांचे घाट वाडवडलांनी ठरवून दिलेले. केशरी अंग, त्यावर सोनेरी वेल. त्रिकमला त्याचा लहानपणापासून वीट. त्यानं उंट केला. पोर पाठीवर बसलं की उंट गुडघे टेकून खाली येणार आणि उतरलं की आपला आपण उठणार. त्यानं मगरीचं बाकडं केलं, शेपूट ओढली की जबडा उघडून आतली खेळणी दाखवणारं. बडोद्याचे पारशी येऊन अशा वस्तू घेऊन जायचे. गल्लीतली पोरं तर त्याच्या शेडच्या दारातून हलायची नाहीत, आणि तो त्यांच्या अंगावर भुसा फेकून म्हणायचा, ‘‘निघा, मुडद्यांनो! तुमच्या आयांनी तुम्हाला जन्म देऊन माझ्या दारात टाकलंय काय?’’

पोरांच्या वस्तू करताना तो निदान नुसता शिव्या द्यायचा. मोठ्यांसाठी काही करायला घेतलं, की त्याच्या डोळ्यांपुढे कुणीतरी एक माणूस असायचा आणि त्या माणसाचं काय व्हायला हवं तेही ठरलेलं असायचं. थोरला भाऊ चुनीलाल भिंतीपलीकडे राहायचा. त्याच्याशी वाटणीवरून वाकडं. एका दिवाळीला त्रिकमनं त्याला खुर्ची पाठवली. दिसायला राजेशाही. पण बैठक अशी बेतलेली की बसलेला माणूस बोलता बोलता बोटबोट पुढे सरकायचा आणि चहा येईपर्यंत जमिनीवर. चुनीलालच्या बायकोनं लेकीच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्याला नेमकं त्याच खुर्चीत बसवलं. सोयरीक मोडली.

पण खरं वैर पेटलं ते ज्ञातीच्या वाडीत, म्हणजे जातीच्या सभागृहात. पंचांचे मुख्य मगनकाका. त्यांच्यासाठी खुर्ची करायचं काम त्रिकमकडे आलं. आदल्या वर्षी काकांनी भर पंगतीत त्याला ‘उलट्या खोपडीचा’ म्हटलं होतं. त्रिकम तेव्हा हसला होता. त्यानं खुर्चीचे चारही पाय आतून पोकळ केले, त्यांत ओरसंग नदीचे बारीक गोटे भरले आणि वरून अशी लाख चढवली की सांधा देवालाही दिसू नये. सगळी ज्ञात जमली. काका बसले, खाकरले, म्हणाले, ‘‘भावांनो, आपल्या ज्ञातीत आता गांभीर्य राहिलेलं नाही,’’ आणि जरा पुढे झुकले. चारही पायांतून तान्ह्या पोराचा खुळखुळा वाजला. काका मागे झाले, पुन्हा वाजला. बायकांच्या बाजूनं पहिलं हसू फुटलं आणि मग वाडी कोसळायची बाकी राहिली.

त्या हसण्यापायी त्रिकमच्या घरचं पंगतीचं आमंत्रण बंद झालं. त्याच्या घरचं पाणी प्यायला कुणी येईना. त्याला काय, तो शेडमध्ये बसून बिडी ओढायचा. सोसलं ते त्याची बायको डाहीबेननं, आणि तिच्याहून जास्त लेकीनं. कोकिळा लग्नाला आली तेव्हा ज्ञातीतलं एकही घर होकार देईना. शेवटी डभोईच्या शिवकोरबेननं तिला आपल्या रसिकसाठी पत्करलं आणि पत्करल्याचं रोज बोलून दाखवायला लागली.

पहिल्या बाळंतपणाला कोकिळा माहेरी आली तेव्हा पाय सुजून खांबासारखे झालेले. डाहीबेन तेल चोळत होती.

‘‘असे गं कशानं झाले?’’

‘‘बसायला मिळत नाही, बा,’’ कोकिळा आईला म्हणाली. ‘‘आमच्यात सुनेनं सासूपुढे खुर्चीवर बसायचं नाही, हिंचक्यावर तर नाहीच. कामं उभ्यानं, नाहीतर जमिनीवर. आणि खाली बसलं की उठवत नाही.’’

‘‘खराड्याचंच घर ना ते? खुर्च्या नाहीत होय?’’

‘‘बारा-पंधरा आहेत. पुसायच्या मी.’’

पलीकडे त्रिकम जेवत होता. ताट तसंच ठेवून तो उठला आणि शेडमध्ये गेला. डाहीबेननं कपाळाला हात लावला. ‘‘संपलं. आता हा काहीतरी करणार.’’

मुलगा झाला. बाळंतीण पोर घेऊन सासरी निघते तेव्हा माहेरानं पाळणा द्यायचा, त्याला आम्ही जियाणं म्हणतो. खराड्याच्या घरचा पाळणा आजोबाच्याच हातचा असावा लागतो. विकतचा दिला तर सात पिढ्या टोमणे. त्रिकमनं शेडचं दार आतून लावून घेतलं. पोरं फटीतून बघायला लागली तर फटीत त्यानं लाख ओतली.

पाळणा तयार झाला तेव्हा त्यानं फक्त लेकीला आत घेतलं. कोकिळा बघतच राहिली. एका बाजूला पाळणा, दुसऱ्या बाजूला हाताची, पाठीची, गुबगुबीत बैठकीची खुर्ची, आणि दोघांना जोडणारा एकच जाड आडवा दांडा. पाळण्याच्या चारी कोपऱ्यांवर पोपट, खुर्चीच्या हातांवर मांजरी, आणि मांजरींचे डोळे पोपटांवर.

‘‘बापू, दोरी कुठाय?’’

‘‘दोरी नाही. खुर्चीत बसायचं, अंग जरा मागेपुढे करायचं, पाळणा हलतो. उभ्यानं ढकललास तर हलायचा नाही. जमिनीवर बसून ओढलास तर हलायचा नाही. तुझं पोर झोपवायचं असेल तर त्या घरात कुणीतरी खुर्चीत बसलंच पाहिजे. तू तरी नाहीतर तुझी सासू तरी.’’

कोकिळा हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच एवढी मोकळी हसली असेल. तिनं पोराला आत ठेवलं आणि खुर्चीत बसली. पाळणा सावकाश, न करकरता डुलायला लागला. त्रिकम तिच्याकडे बघत होता, पोराकडे नाही.

आता यात एक चूक राहून गेली, आणि ती कुणा खराड्याच्याच हातून व्हावी अशी. रिकामा पाळणा हलवायचा नाही, पोराला बाधतं, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं. म्हणून पाळणा करून झाला की कारागीर आत वरवंटा ठेवतो आणि मगच हलवून बघतो. त्रिकमनं जन्मभर सगळे रिवाज पायाखाली तुडवले, पण हा एक त्याच्या हातात मुरलेला. त्यानं प्रत्येक वेळी वरवंटा ठेवूनच बघितलं, पुढे पोर ठेवून बघितलं. रिकाम्या पाळण्यापुढे कुणी नुसतं दम खायला खुर्चीत टेकलं तर काय होईल, हे त्यानं कधी बघितलंच नाही.

जियाण्याच्या दिवशी डभोईहून टेम्पो आला. शिवकोरबेन, तिच्या चार जावा-नणंदा आणि गप्प रसिक. नातवाचं जियाणं म्हटल्यावर ज्ञातीतल्या बायकाही बहिष्कार विसरून आल्या होत्या. खरं तर त्रिकम यंदा काय करून ठेवतो ते बघायला आल्या होत्या. डाहीबेन आतल्या खोलीत पोराला तीट लावत होती. कोकिळा लापशीच्या पातेल्यापाशी. ओसरीवर मधोमध पाळणा.

शिवकोरबेन अंगानं भरलेली, उन्हानं फुललेली. तिनं सगळ्या ओसरीवरून नजर फिरवली आणि घरातली सगळ्यात चांगली खुर्ची निवडली. त्रिकम कोपऱ्यातून ‘‘थांबा, आधी...’’ म्हणेपर्यंत ती बसलीसुद्धा. हुश्श करून मागे टेकली.

पाळणा हलला. आत काही नाही. दुपटंसुद्धा नाही. कोरा, केशरी, रिकामा पाळणा भर सभेत झुलायला लागला.

एका नणंदेनं किंकाळी फोडली, ‘‘अगं बाई, रिकामा! वहिनी, रिकामा हलतोय!’’

शिवकोरबेन घाबरून उठायला गेली. एवढं अंग एकदम पुढे गेल्यावर पाळण्यानं असा झोका घेतला की पोपट छताला लागायचे. ती परत खाली आपटली, पाळणा परत उडाला. शेवटी दोघींनी दंडाला धरून तिला ओढून काढली. बायकांनी कानशिलावर बोटं मोडली. आतून डाहीबेन पोराला छातीशी घेऊन धावत आली आणि पाळणा बघून दारातच खाली बसली.

‘‘हे मुद्दाम केलंय!’’ शिवकोरबेनला श्वास पुरत नव्हता. ‘‘माझ्या नातवाच्या मुळावर उठलाय हा मेला! पंचांचं हसं केलंत तेव्हाच तुम्हाला गावाबाहेर काढायला हवं होतं, त्रिकमभाई!’’

त्रिकमचा चेहरा पांढरा पडला होता. पण त्याच्या जिभेला माफीची सवयच नव्हती. ‘‘तुम्हाला बसायला सांगितलं कुणी? दुसऱ्याच्या घरी आल्याबरोबर खुर्ची दिसली की ठाण मांडायचं! म्हशीला तरी आधी दावं बघू देतात.’’

‘‘ऐका! ऐका गं सगळ्या! मला म्हैस म्हणतोय!’’

‘‘म्हशीनं दूध तरी दिलं असतं.’’

‘‘हा पाळणा आत्ता इथे, माझ्या डोळ्यांपुढे फोडायचा,’’ शिवकोरबेन म्हणाली, ‘‘आणि होळीत घालायचा. नाहीतर नातू मी घेऊन जाते आणि तुमची लेक तुमच्या घरात. बसवा तिला खुर्चीत जन्मभर.’’

‘‘पाळण्याला हात लावून बघा.’’ त्रिकमनं कोपऱ्यातली करवत उचलली होती, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नसावं.

एवढ्यात दारात खडखडाट झाला. चुनीलाल आणि त्याचे दोन गडी पाळणा घेऊन उभे. वाडवडलांच्या घाटाचा, सोनेरी वेलीचा, झळझळीत. ‘‘घराण्याची अब्रू आहे,’’ चुनीलाल मऊ आवाजात म्हणाला. ‘‘धाकट्यानं घालवली तर थोरल्यानं राखायला नको? शिवकोरबेन, हा न्या.’’

‘‘मोटाभाई,’’ त्रिकम दातओठ खात म्हणाला, ‘‘तुमचा पाळणा या घराचा उंबरा ओलांडून गेला, तर त्याच्यामागून गेलेली लेक मला मेली.’’

आता सगळ्यांचे डोळे कोकिळेवर. तिच्या हाताला लापशी लागलेली, तिनं पदराला पुसली. तिला डभोईला जायचं होतं. रसिक वाईट नव्हता, नुसता आईपुढे मान वर करत नव्हता. आणि या घरात पंगतीविना, सोयऱ्याविना पोराला वाढवणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

ती आधी चुलत्याकडे वळली. ‘‘काका, आजच्या आज पाळणा होतो होय? लाख वाळून कधीची बसलीये. तुम्ही वाटच बघत होता. घेऊन जा तो.’’

‘‘अगं मी तुझ्या भल्यासाठी...’’

‘‘घेऊन जा.’’

मग बापाकडे. ‘‘बापू, करवत द्या.’’

‘‘कशाला?’’

‘‘द्या म्हणते ना.’’ तिनं ती त्याच्या हातातून काढूनच घेतली. पाळणा आणि खुर्ची जोडणाऱ्या दांड्याशी गुडघा टेकून बसली आणि ओढायला लागली.

त्रिकम ओरडला, ‘‘जुना साग आहे तो! असा दांडा आता रंगूनहूनही यायचा नाही! वेडी झालीस काय? तुझ्यासाठी केलंय ते!’’

‘‘माझ्यासाठी?’’ कोकिळेनं करवत थांबवली नाही. ‘‘तुम्हाला मला बसवायचं नव्हतं, बापू. सासूबाईंना नाचवायचं होतं. मगनकाकांना नाचवलंत, या काकांच्या पाहुण्याला पाडलंत. उंट केलात, तेव्हा त्याच्यावर बसणाऱ्या पोराचा तुम्हाला राग आला होता का? नव्हता. म्हणून तो अजून चालतोय. माझ्या पोराच्या पाळण्यात तुम्ही तुमचं भांडण निजवलंत.’’

दांडा अर्ध्यावर आला तसा पाळणा डगमगायला लागला. रसिक इतका वेळ भिंतीला चिकटून होता. तो पुढे झाला, खाली बसला आणि त्यानं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं. शिवकोरबेन म्हणाली, ‘‘रसिक! ऊठ तिथून!’’ त्याला ऐकू आलं नाही, निदान त्यानं तसं दाखवलं.

दांडा तुटला. कोकिळेनं पाळण्याला नुसती सुताची दोरी बांधली, आत वरवंटा ठेवला, हलवून बघितला, वरवंटा काढून पोराला ठेवलं. पोर झोपलेलंच होतं.

‘‘काहीही कर,’’ सासू म्हणाली, ‘‘अपशकुनी पाळण्यात माझा नातू झोपणार नाही.’’

‘‘मग तुमच्या मांडीवर झोपेल. दिवसभर. चालेल?’’

शिवकोरबेननं आपटलेली कंबर चोळली.

‘‘आणि अजून एक, सगळ्यांच्या देखत सांगते. दुपारची भांडी झाली की मी बसणार आहे. खुर्चीत. तुम्ही समोर असलात तरी. ते चालत नसेल तर टेम्पो रिकामा न्या.’’

टेम्पो रिकामा गेला नाही. पण लेकीला निरोप द्यायला त्रिकम दारात आला नाही. संघाडा चालू करून शेडमध्ये बसला होता. लाकूड लावलंच नव्हतं. नुसता संघाडा फिरत होता.

त्यानंतर तो लेकीकडे गेला नाही, आणि तिचं नाव काढलं की डाहीबेनच्या अंगावर खेकसायचा. एका अंगाला दांड्याचं थोटूक राहिलेली ती खुर्ची त्यानं परसात फेकली. बसणारा त्या बाजूला कलंडायचा. गल्लीतल्या पोरांना हाच खेळ झाला. रांग लावून बसायची, कलंडायची, खिदळायची. त्रिकम आतून ओरडायचा, ‘‘हाडं मोडा, मुडद्यांनो! मोडा!’’ पण खुर्ची कधी आत नेली नाही, आणि फोडलीही नाही.

पोर पावलं टाकायला लागल्यावर एका सकाळी रसिक एकटाच आला. ओट्याखाली उभा राहिला.

‘‘बस म्हणायची वाट बघतोयस?’’ त्रिकम म्हणाला. ‘‘माझ्या घरात बसायची हिंमत तुझ्या आईनंच केली होती.’’

‘‘कोकिळेनं खुर्ची मागितलीय.’’

‘‘कुठली?’’

‘‘कापलेली. म्हणाली, बापूंना सांगा, नीट करून द्या. आणि म्हणाली...’’ रसिकनं घसा साफ केला, ‘‘म्हणाली, करताना सासूचा विचार करू नका, पोराचा करा.’’

‘‘मला शिकवते? खुर्च्या मी करायच्या आणि विचार तिनं सांगायचा?’’ त्यानं रसिकला दारातूनच घालवलं. पण दुपारी ती खुर्ची परसातून आत गेली. कलंडायला आलेली पोरं दाराशी घोटाळत राहिली, तेव्हा त्यातल्या सगळ्यात बारक्याला त्यानं दंडाला धरून आत ओढलं. पोर भोकाड पसरणार तेवढ्यात त्याला थोटकावर बसवलं आणि स्वतः खुर्चीत बसून बघितलं. मग थोटूक लांबवलं. मग पुन्हा बसवलं. भुसा फेकला नाही त्या दिवशी कुणावर.

झालं ते असं: मोठी बैठक, आणि तिच्या बाजूनं लांब काढलेल्या दांड्याच्या टोकावर कठडा लावलेली बारकी बैठक. मोठं माणूस एकटं बसलं की खुर्ची त्याच्या बाजूला कलते. टोकावर पोर बसलं की दोघं तोलावर येतात आणि होडीसारखं सावकाश डुलायला लागतात. पोर वाढेल तशी बारकी बैठक आत सरकवायला दांड्याला खाचा. वर ना पोपट ना मांजरी. नुसती केशरी लाख.

रसिक ती बसच्या टपावर बांधून घेऊन गेला.

आता डभोईतून येणारा प्रत्येक माणूस त्या खुर्चीचंच सांगतो. शिवकोरबेनची कंबर धरलेली, तिला दुसऱ्या कशातच आराम नाही. पण एकटी बसली की कलंडते. म्हणून जेवण झालं रे झालं की ती नातवाला पळवते आणि टोकावर बसवते. कोकिळा भांडी आवरून येते तर सासू खुर्चीत, पोर झोपेला आलेलं. ‘‘उठा, माझी वेळ आहे.’’ ‘‘पोराला उठवू? झोप मोडू?’’ ‘‘पोर माझं आहे!’’ ‘‘आणि कंबर माझी आहे!’’ आवाज बसस्टँडपर्यंत जातो म्हणे. मग कोकिळा चिडून हिंचक्यावर जाऊन बसते, सासूच्या डोळ्यांपुढे, पाय हलवत. सासूला उठून तिला उठवता येत नाही. उठली तर टोकावरचं पोर खाली जाईल.

डाहीबेनला ते ऐकून झोप लागेना. ‘‘अहो, रोज उठून तोंडाला तोंड. तुमच्याकडे साग पडलाय. तशीच अजून एक करा की. दोघींना दोन झाल्या की मिटलं.’’

त्रिकम लाखेची कांडी उन्हात धरून तिचा रंग बघत होता.

‘‘एकच राहू दे,’’ तो म्हणाला.